मासिक शुल्कापलीकडचे हिशेब

अमेरिका सोडून अन्यत्र राहणाऱ्याने सर्वांत कमी मासिक शुल्काची व्हर्च्युअल मेलबॉक्स सेवा (अमेरिकेतला पत्ता देऊन तिथे आलेले टपाल स्वीकारणारी व त्याचे स्कॅन ऑनलाइन दाखवणारी सेवा) घ्यावी, हे मत मला पटत नाही. कारण खरा खर्च पाकीट उघडून स्कॅन करणे, ते पुढे पाठवणे आणि मुदतीनंतर सांभाळणे यांवर होतो. माझ्या एका पाकिटाचे बाहेरचे स्कॅन इतके पुसट आले की खिडकीतून फक्त आडनाव वाचता येत होते; पैसे भरून ते उघडवले, तर आत जाहिरात निघाली.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पत्त्याचा आहे. असे पत्ते अमेरिकी टपाल खात्याकडे खासगी टपाल स्वीकारणाऱ्या व्यावसायिक केंद्राचे म्हणून नोंदलेले असल्यामुळे अनेक बँका ते निवासाचा पत्ता म्हणून मान्य करत नाहीत, आणि मागे 'सुइट' असा भारदस्त शब्द लावल्याने त्यात फरक पडत नाही. केंद्राला आपले टपाल स्वीकारण्याची परवानगी देणाऱ्या टपाल खात्याच्या फॉर्म १५८३ साठी दोन ओळखपत्रे लागतात व सही नोटरीसमोर किंवा केंद्राच्या प्रतिनिधीसमोर करावी लागते. ती व्हिडिओद्वारे चालेल का, हे आधीच विचारावे. सेवा सोडल्यावर टपाल खात्याकडे नेहमीसारखा पत्ताबदल नोंदवता येत नाही. पुढचे ६ महिने टपाल पाठवण्याची जबाबदारी त्या केंद्राचीच असते, म्हणून त्याचे दर करार करतानाच पाहून घ्यावेत.