मदत हवी आहे: क्राकुफमध्ये शाकाहारी आईला घेऊन स्वस्तात काय आणि कुठे खावं?

भडंगवाली

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि माझे आई-बाबा असे चौघं सहा दिवस पोलंडला जातोय, क्राकुफला (आपण क्राको म्हणतो ते). नवऱ्याची कॉन्फरन्स आहे, त्याची दोन्ही जेवणं तिकडेच. उरलो आम्ही तिघं. तिकिटं, व्हिसा, राहायची जागा सगळं झालंय, घोडं अडलंय ते जेवणापाशी.

आई शाकाहारी. केकमधलं अंडं चालवून घेते, पण ताटात दिसलेलं अंडं नाही. बाबा सगळं खातात, फक्त आईसमोर खात नाहीत. दिवसाला तिघांचे मिळून २०० झ्वोती खर्च करायची तयारी आहे (झ्वोती हे तिथलं चलन, एक साधारण २५ रुपयांच्या आसपास पडतो). आंतरजालावर शोधलं तर सगळीकडे मुख्य चौकातल्या छत्र्यांखालची हॉटेलं दाखवतात, आणि तिथले दर बघून आई म्हणाली, "एवढ्यात इथे आठवड्याचा भाजीपाला येतो."

बाबा कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकल्यात. त्यामुळे ते "आपल्याच माणसांकडे चाललोय" अशा थाटात आहेत. पण आपली माणसं असली तरी ती डुकराची चरबी पावाला लावून खातात असं वाचलं, म्हणून काळजी. तिथे राहणारं किंवा जाऊन आलेलं कोणी आहे का?

शेपूद्वेष्टा

चार वर्षं क्राकुफमध्ये आहे. ताई, २०० झ्वोतीत तिघांचं आरामात भागेल, फक्त मुख्य चौकात (रिनेक) बसून जेवायचं नाही. तिथे घोडागाड्या बघा, दर तासाला मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून वाजणारी तुतारी ऐका आणि पुढे चालू लागा.

तुम्हाला हवंय ते 'बार म्लेच्नी', म्हणजे शब्दशः दुधाचा बार. नाव ऐकून बाबांची कळी खुलेल, पण दारूचा थेंब मिळत नाही. पहिला निघाला वॉर्सात, १८९६ साली. पुढे कम्युनिस्ट राजवटीत गावोगाव झाले, कामगारांना आणि विद्यार्थ्यांना स्वस्तात गरम जेवण मिळावं म्हणून. १९८९ नंतर बरेच बंद पडले. जे उरले त्यातल्या अनेकांना अजूनही सरकारी अनुदान मिळतं, आणि ते बिनमांसाच्या पदार्थांवर. म्हणजे तुमच्या आईच्या ताटाला पोलिश सरकारचा हातभार आहे म्हणा ना.

पद्धत आपल्या जुन्या कँटीनसारखी. भिंतीवर पाटी, गल्ल्यावर सांगायचं, पैसे द्यायचे, पावती खिडकीत द्यायची, आपलं ताट आपणच उचलायचं आणि खाऊन झालं की उष्टी भांडी दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायची. टेबलावर ठेवून उठलात तर मागून आवाज येतो. खिडकीतल्या मावशी हसत नाहीत. राग नाही, स्वभाव तो.

पाटीवर 'यार्स्क्ये' हा शब्द शोधा. लिहिताना तो 'जे' अक्षराने सुरू होतो. म्हणजे शाकाहारी. त्याखालचे पदार्थ बघा:

प्येरोगी रुस्क्ये: उकडलेल्या करंज्या, आत बटाटा, पनीरसारखं 'त्वारुग' आणि कांदा. नावात रशिया नाही, जुना रुथेनिया प्रांत आहे. याशिवाय कोबी-मशरूमच्या असतात, आणि गोड म्हणजे त्वारुगच्या किंवा फळांच्या.

प्लात्स्की: बटाट्याचे घावन म्हणा, वर आंबट साय. पिठात अंडं असतं, पण ते तुमच्या केकच्या कलमात बसेल. नालेश्निकी, म्हणजे गोड त्वारुग भरलेली धिरडी, त्यांचंही तसंच.

काशा: भरडलेलं बकव्हीट, भातासारखं शिजवलेलं. सोबत बीट किंवा कोबीची कोशिंबीर घ्या. मिझेर्या तर आपली दह्यातली काकडीच, फक्त दह्याऐवजी आंबट साय.

प्यायला कॉम्पोत, फळं उकळून केलेलं गोडसर पाणी. आणि 'माश्लान्का' म्हणजे ताक. बिनमिठाचं आणि दाट असतं. मीठ-जिरेपूड पर्समध्ये ठेवा.

सूप, एक मुख्य पदार्थ आणि कॉम्पोत मिळून माणशी २५ ते ३५ झ्वोती होतात. चौकाजवळच ग्रोद्स्का रस्त्यावर 'पॉद तेमिदों' आहे, तिथून सुरुवात करा. वेळ असेल तर चार नंबरच्या ट्रामने नोवा हुताला जा. १९४९ पासून पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं समाजवादी शहर, रुंद रस्ते, करड्या इमारती. मधल्या चौकापाशी 'सेंत्राल्नी' नावाचा बार म्लेच्नी आहे, तिथे पर्यटक कमी आणि आजी-आजोबा जास्त.

दुपारी बारा ते चारमध्ये जेवा. संध्याकाळी लवकर बंद होतात आणि तीननंतर पाटीवरचे पदार्थ एकेक करून संपत जातात.

सोमवार_नको

वरच्या प्रतिसादात एक मोठा खड्डा राहिलाय, आणि त्यात मी स्वतः पडलोय. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मोठ्या विश्वासाने रुस्क्ये मागवल्या. ताट आलं, वर सोनेरी, कुरकुरीत काहीतरी भुरभुरलेलं. मला वाटलं तळलेला कांदा. बायकोने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून विसरलेलो नाही. डुकराच्या चरबीचे तळलेले कण, 'स्क्वार्की'. आत सगळं शाकाहारी, वरून हा प्रकार.

तेव्हा ऑर्डर देतानाच म्हणायचं, "बेझ स्क्वारेक". बेझ म्हणजे शिवाय. कांदा आणि लोणी घालून मागा, मस्त लागतं.

सुपांचंही तसंच. झुरेक आईंनी विसरा, त्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं असतं. टोमॅटोचं सूप दिसायला निष्पाप, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्शावर करतात. 'बेझ म्येंसा' (मांसाशिवाय) असं विचारलंत तर "हो" म्हणतील, कारण तुकडे नसतातच. रस्सा कशाचा ते वेगळं विचारा.

शेपूद्वेष्टा

@सोमवार_नको, बरोबर, हे राहिलंच. अजून दोन गोष्टी. पोंच्की म्हणजे इथले जाम भरलेले डोनट, पारंपरिक पद्धतीत चरबीत तळतात. बेकरीत विचारून घ्या. आणि 'सेर्निक' हा चीजकेक भाजलेला घ्या, न भाजता थंड करून लावलेल्यात जिलेटिन (प्राणिजन्य) असतं.

शुक्रवार तुमचा. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळतात, त्यामुळे पाटीवर बिनमांसाचं जास्त असतं. मासे मात्र त्यांच्या हिशेबात मांसात येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

मावळतीचा_वारा

एवढा खटाटोप कशाला? स्वयंपाकघर असलेली जागा घेतली असेल तर भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तूप न्या. जूनमध्ये जाताय तर डझनभर हापूसही न्या, घरमालकाला दिलेत तर खूश होईल. मी तर बाहेरगावी एक वेळ खिचडीच करते.

ओळखपत्र_हरवलं

काकू, तूप आणि हापूस दोन्ही विमानतळावर राहतील! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, चक्का सगळं त्यात आलं. ताज्या फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट आहे ती अननस, केळी, नारळ, खजूर आणि डुरियन एवढ्यालाच. आंबा नाही. ताजा कढीपत्ताही ठेवू नका. भाजणी, मेतकूट, भडंग यात दूध नाही, ते बिनधास्त न्या.

भडंगवाली

बापरे, बरं झालं विचारलं. आईने पेढ्यांचा डबा आधीच काढून ठेवला होता.

जागेला छोटं स्वयंपाकघर आहे. मग रोज एक वेळ बाहेर, एक वेळ घरी असं करू. सकाळच्या न्याहारीला काय? रविवारी दुकानं बंद असतात हे खरं का? आणि मध्येच आईची एकादशी येतेय. (बाबांचा वेगळा प्रश्न: त्यांना "एकट्याने फिरायला" जायचंय. म्हणजे काय ते समजा.)

शेपूद्वेष्टा

खरं आहे. २०१८ पासून टप्प्याटप्प्याने रविवारची दुकानदारी बंद केली आणि आता वर्षातले मोजके रविवार सोडले तर ब्येद्रोन्कासारखी मोठी दुकानं बंदच. शनिवारी संध्याकाळी दूध, पाव, भाजी भरून ठेवा. झाब्का (बेडकी) नावाची हिरवी छोटी दुकानं रविवारी बऱ्याच ठिकाणी उघडी असतात, पण तिथे दर चढे. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी, बोझे च्यावोची सुट्टी येते, तेव्हाही हाच प्रकार. तुमच्या आठवड्यात पडतेय का बघून घ्या. हॉटेलं मात्र सुरू असतात.

न्याहारीला ओब्वाझानेक. चौकाचौकात काचेच्या गाड्यांवर मिळणारं पिळाचं कडं. आधी उकळत्या पाण्यात बुडवून मग भाजतात. वर खसखस, तीळ किंवा जाड मीठ. २०१० पासून याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. चार-पाच झ्वोतींत एक मिळतो आणि सकाळीच घ्यायचा, दुपारपर्यंत चामडं होतो. औश्वित्झ बघायला जाणार असाल तर दोन-तीन सोबत घ्या, पण खायचे बाहेर.

स्तारी क्लेपाश बाजार चौकापासून दहा मिनिटांवर आहे. जूनमध्ये स्ट्रॉबेरी भरात असते, इथल्या बायका टोपलीच्या टोपली घेऊन जातात. तिथला भाजलेला धुरकट चीज ओस्त्सिपेक सगळे चाखायला सांगतील, पण आई फार काटेकोर असतील तर सांगतो, त्यात रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेलं विरजण असतं. त्वारुग मात्र पारंपरिक पद्धतीत दूध आंबवून, आपल्या चक्क्यासारखा करतात.

एकादशीला उकडलेला बटाटा, ताक, स्ट्रॉबेरी. बटाटा मागताना "बेझ कोपेर्कु" म्हणायचं, नाहीतर त्यावर मूठभर शेपू येतो. सुपात शेपू, काकडीत शेपू, बटाट्यावर शेपू. माझ्या आयडीचा उगम तुमच्या लक्षात आला असेल.

वाघाची_मावशी

बाबांचा प्रश्न माझ्याकडे द्या! रात्री आठनंतर हाला तार्गोवा बाजारासमोर निळी जुनी न्यीसा गाडी उभी असते, लाकडावर भाजलेली किलबासा (सॉसेज), पाव आणि मोहरी. रविवारी नसते. उभ्याउभ्या खायचं, हात पुसायचे आणि निमूट घरी यायचं.

आई सोबत असतील तर काझिमिएश भागातला प्लात्स नोवी चौक. मध्ये गोल इमारत आहे, तिच्या खिडक्यांतून झापिएकान्का मिळते. अर्ध्या लांब पावावर मशरूम, चीज आणि वरून केचप. साधी घेतली तर मांस नसतं. हातभर लांब असते, दोघींत एक पुरे.

आणि पैसे देताना एक सांभाळा. नोट पुढे करत "जेंकुये" (धन्यवाद) म्हटलंत तर समोरचा समजतो, सुटे ठेवून घे म्हणताय. माझे १८ झ्वोती असेच गेले. आधी सुटे हातात घ्या, मग काय ते धन्यवाद द्या. एटीएम किंवा कार्डाचं यंत्र "रुपयांत वळवू का" विचारेल, तिथे नाही म्हणा आणि झ्वोतीतच काढा.

भडंगवाली

क्राकुफहून लिहितेय, चौथा दिवस. सगळ्यांचे आभार.

पहिल्या दिवशी बार म्लेच्नीत रांगेत मी फोनवर भाषांतर करत बसले तोवर आईच पुढे झाली. पाठ केलेलं "रुस्क्ये, बेझ स्क्वारेक" खणखणीत म्हणाली. गल्ल्यावरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं, काहीतरी विचारलं. आईने पुन्हा तेच, अजून मोठ्याने. मागचे एक आजोबा हसून काहीतरी बोलले आणि बाईंनी पावतीवर पेनाने जाड रेघ मारली. ताट आलं तेव्हा वर फक्त लोणी आणि कांदा. आईने एक प्येरोग फोडून आतलं आधी वास घेऊन बघितलं, मग म्हणाली, "मोदकाची उकड जाड राहिली की अशी लागते, पण सारण चांगलंय." नऊपैकी आठ खाल्ल्या. तिघांचं बिल ८४ झ्वोती. काल सेंत्राल्नीत आईने माश्लान्कात जिरेपूड घातली तर शेजारच्या आजींनी पुडी हातात घेऊन वास घेतला आणि आपला ग्लास पुढे केला.

बाबा परवा रात्री "पाय मोकळे करायला" गेले होते. शर्टावर मोहरीचा डाग घेऊन आले. आईने तो धुतला, काही बोलली नाही.

आता एक शेवटचं. पाण्याच्या प्रत्येक बाटलीमागे ५० ग्रोश (अर्धा झ्वोती) जास्त लावलेत. अकरा रिकाम्या बाटल्या साठल्यात. हे पैसे परत मिळतात म्हणे, कुठे?

शेपूद्वेष्टा

२०२५ च्या ऑक्टोबरपासून ती अनामत सुरू झाली. मोठ्या दुकानात दाराशी यंत्र असतं, बाटली न चेपता आत सरकवायची, चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची. यंत्र नसेल तर गल्ल्यावरच घेतात. पण अकरा बाटल्या? इथलं नळाचं पाणी पिण्याचं आहे ताई.

भडंगवाली

मी सांगितलं. बाबा म्हणतात, "उकळलंय का विचार."