शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) रेल्वेत पासपोर्ट तपासला. सिंगल एंट्री व्हिसावर आई-बाबांना प्रागला नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. आई-बाबा नाशिकहून आलेत, दोघांचाही व्हिसा सिंगल एंट्री. रविवारी बायर्न तिकिटावर (बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट) ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाऊन आलो. जाताना कोणी हटकलं नाही. परतताना मात्र सीमेवरच्या जर्मन स्थानकावर, फ्रायलासिंगला, गाडी बराच वेळ थांबली, पोलीस चढले आणि पासपोर्ट मागू लागले. बाबा पासपोर्टचं पाऊच कमरेवरून काढतच नाहीत (एरवी आम्ही चिडवतो), त्यामुळे निभावलं. शिक्का वगैरे काही मारला नाही.

पण आईने धसका घेतलाय. तिच्या मते आत यायची एकच परवानगी होती, ती साल्झबुर्गात वापरून झाली. मी म्हटलं, अगं, १९९८ पासून ही सीमा खुली आहे. तर म्हणाली, "मग तो पोलीस काय तिकीट बघत होता?"

पुढच्या महिन्यात बसने प्रागला जायचं ठरतंय. त्यांच्या व्हिसावर चालेल ना? शिवाय माझा पासपोर्ट तेव्हा नूतनीकरणाला दिलेला असेल. नुसत्या जर्मन रेसिडेन्स कार्डावर मी सोबत जाऊ शकतो का? कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

काकूंना सांगा, एंट्री वापरली गेलेली नाही. एंट्री मोजतात ती शेंगेनच्या बाहेरच्या हद्दीवर. साल्झबुर्ग, प्राग, अगदी युरोपीय संघात नसलेलं झुरिकसुद्धा आतच धरलं जातं. लंडन किंवा डब्लिनला गेलात तर मात्र त्याच व्हिसावर परत येता येणार नाही. मुक्कामाचे दिवस कुठेही असलात तरी मोजले जातातच. व्हिसाच्या स्टिकरवर 'शेंगेनर श्टाटेन' (म्हणजे शेंगेन देश) लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या.

पोलिसांचं म्हणाल तर सदस्य देशांना ठरावीक मुदतीसाठी अंतर्गत सीमेवर तपासणी लावता येते. जर्मनीने ती ऑस्ट्रियाच्या सीमेवर सप्टेंबर २०१५ मध्ये लावली आणि मुदत वाढवत नेली. १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर आहे, म्हणजे चेक सीमाही आली. 'तात्पुरती' म्हणायचं आपलं!

प्रतिसाद २

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नका जाऊ. त्या कार्डावर इतर शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं, पण सोबत वैध पासपोर्ट हवाच. फोनमधला फोटो चालत नाही. एक तर नूतनीकरण प्रागनंतर करा, नाहीतर आई-बाबांना तोवर जर्मनीतलंच न्यूरेंबर्ग, रेगेन्सबुर्ग दाखवा.

प्रागहून येणाऱ्या बस चेक सीमेजवळच्या वाइडहाउसला अडवतात. सगळ्यांचे कागद बघेपर्यंत वेळ जातो, तेव्हा म्युनिकहून पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. आणि पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका.