शब्दचर्चा : गेममध्ये 'रमणे' की 'करमणूक'?

धरमपेठकर : माझा भाचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतो. काल भर दुपारी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसला होता. विचारलं, "काय करून राहिला रे?" तर म्हणे, "काही नाही मामा, मासे पकडून राहिलो." मला वाटायचं हा राक्षस मारायचा खेळ. पण त्याचं पात्र तळ्याकाठी उभं, पाण्यावर बूच तरंगतंय, ते हललं की हा क्लिक करतो. पाऊण तास तेच. आतून ताई ओरडली, "झाला का टाइमपास?" आणि पोराचा चेहरा उतरला. लढाई नाही, लेव्हल वाढवणं नाही, आवडतं म्हणून त्या जगात जे करत बसतात त्याला नेमकं क्रियापद कोणतं? 'टाइमपास' मला पटत नाही.

इतवारीवाला : भटकंती म्हणा की. मीही खेळतो. नकाशाचे कोपरे बघत फिरणं हाच माझा अर्धा खेळ आहे.

धरमपेठकर : फिरण्याला चालेल, भाऊ. पण हा एका जागी उभा होता.

सदरची वाचक : 'हुंदडणे'ही नको. त्याला पाय लागतात, आणि तो शब्द मोठी माणसं लहानांबद्दल वापरतात. 'विरंगुळा'च्या आधी थकवा किंवा कंटाळा असावा लागतो. मी 'रमणे' सुचवते.

'रमणे' आणि 'करमणे' शेजारी ठेवून बघा. 'करमणे' बहुतेक वेळा नकारातच येतं : मला इथे करमत नाही. त्यात माणूस कर्ता नसतो. 'मला' म्हणावं लागतं. त्यावरून आलेली 'करमणूक' कुणीतरी आपली करतं, आपण समोर बसून ती घेतो. 'रमणे'त माणूस स्वतः कर्ता : मी रमलो. आणि त्याला जागा लागते, 'त'चा प्रत्यय लागतो. खेळात रमला, शेतात रमला, नातवंडांत रमली. तुमच्या भाच्याला ते तळं ही जागाच आहे. आपल्याकडे नागपुरात रमणा मारोती नगर आहे, त्यातला 'रमणा' हा शब्दही जागेचाच : राखलेलं रान, मोठं आवार.

इतवारीवाला : हे आवडलं. एक भर घालतो. त्या गेममध्ये मासेमारी २००४ पासून आहे आणि तिला 'दुय्यम व्यवसाय' म्हणतात. 'व्यवसाय' शब्दानं सगळं बिघडतं. रविवारी तिथे एक स्पर्धाही असते : ठरावीक जातीचे ४० मासे जो आधी जमवेल तो जिंकला. तेव्हा खेळाडू रमत नसतो, झटत असतो. काम तेच, क्रियापद वेगळं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' हा असाच दुसरा गेम २००७ साली आला. त्यात कीबोर्डच्या बटणांवर वाद्यं वाजवता येतात. खेळाडूंनी तिथल्या एका टेकडीवर जमून मैफली केल्या. त्यालाही 'रमले' शोभतं.

भंडाऱ्याचा : आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळचे. बाबा तिथं गरी टाकून बसायचे. घरी मासा आला नाही तरी आई कधी "वेळ वाया घालवला" म्हणाली नाही. म्हणायची, "तिकडंच रमले असतील." पडद्यावरच्या तळ्याला हा शब्द का लागू नये, मला कळत नाही.

सदरची वाचक : अगदी हेच. आणि भाच्याच्या वाक्यातलं 'राहिलो' जपा. पुण्याकडे 'पकडतोय' म्हणतील. तिथे 'राहिलं' ऐकलं की काम बाकी आहे असं वाटतं : पकडायचं राहिलं. आपल्या 'पकडून राहिलो'मध्ये काम चालू आहे. प्रमाण नाही म्हणून हे रूप खोडू नका. 'रमून राहिलो' म्हटलं की रमणंही येतं आणि तिथं असणंही. मला तरी याहून नेमकं रूप सुचत नाही.

इतवारीवाला : नाम काय करायचं पण? 'करमणे'चं 'करमणूक' झालं. 'रमणूक' कुणी म्हणत नाही.

सदरची वाचक : नाम नकोच. 'रमणं' पुरे.

धरमपेठकर : आज संध्याकाळी पुन्हा तळ्याकाठी होता. ताईनं विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, "रमून राहिला तो." ती दोन मिनिटं मागं उभी राहून बूच बघत होती. मग त्याला विचारलं, "कोणता मासा लागला रे?"