मदत हवी आहे: ‘डिसलॉयल’ला मराठीत काय म्हणू?
मंडळी, कोल्हापुरात एम.ए. इतिहास करतोय. अमेरिकन यादवी युद्धातल्या लीबर कोडचा (उत्तरेकडच्या सरकारी सैन्यासाठीची युद्धनियमावली, २४ एप्रिल १८६३, एकूण १५७ कलमं) अनुवाद चाललाय. युद्धकैद्यांचा भाग सरळ आहे: कलम ५६, सूड म्हणून छळायचं नाही. (कलम ५९ लगेच प्रत्युत्तराची वाट उघडी ठेवतं, ते सोडा!)

कलम १५५ ला मात्र गाडी अडलीय. त्यात ‘डिसलॉयल’ नागरिक दोन प्रकारचे: बंडाबद्दल नुसती सहानुभूती असलेले आणि हत्यार न उचलता प्रत्यक्ष मदत करणारे. ‘फितूर’ लिहिलं, खोडलं. मनात सहानुभूती ठेवणारा फितूर कसा? ‘राजद्रोही’ म्हणावं तर तिथं राजाच नाही. ‘बेइमान’ तर तालमीतल्या भांडणातलं वाटतं. दोघांना चालेल असा शब्द सुचवा की राव, सोमवारी सरांना दाखवायचंय.