प्रतिसाद : उन्हाळ्यातलं दही

भाऊ, दही थंड म्हणून मे महिन्यात रोज वाटीभर खावं, असं तुम्ही लिहिलंत. आयुर्वेद दही उष्णच धरतो. चरकसंहितेत रात्री दही वर्ज्य सांगितलंय. शरद, ग्रीष्म, वसंतातही ते बहुधा नकोच. सुश्रुत तर उन्हाळ्यात ताकालाही नाही म्हणतो! हे आमच्या यवतमाळकडे कोणी ऐकायचं नाही. वावरातून आलेल्या माणसाला लोणी काढलेलं पाण्यासारखं पातळ ताक, त्यात मीठ नि भाजलेलं जिरं, एवढ्यानं जीव थाऱ्यावर येतो. ते मी तरी बंद करायला सांगणार नाही. घट्ट, आंबट दह्यापेक्षा मात्र कैरीचं पन्हं बरं. आणि ऊन लागून माणूस बरळायला लागला तर कांदा चोळत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.