हद्दीत आलेल्या गावातला आठवडी बाजार आणि किराणा दुकानं: नेमकं काय करता येतं?

वेशीवरचा

नमस्कार मंडळी. ३० जून २०२१ च्या अधिसूचनेनं पुणे महापालिकेत जी २३ गावं आली, त्यांपैकी एका गावाबद्दल विचारतोय. गावठाणात चौदा किराणा दुकानं आहेत. आठवडी बाजार ग्रामपंचायतीच्या काळापासून ओढ्यालगतच्या मोकळ्या जागेत भरतो, त्यातला काही तुकडा खासगी सातबाऱ्यावर आहे. आजूबाजूला टॉवर झाले. मुख्य रस्त्यावर एका साखळी मार्टची इमारत उभी राहतेय आणि सोसायट्यांच्या तळमजल्यावर दोन डार्क स्टोअर (गिऱ्हाईकाला आत न घेता फक्त ऑनलाइन ऑर्डरी घरपोच करणारी केंद्रं) आली आहेत.

गावात तीन मतं आहेत. मार्टला परवानगीच मिळू नये म्हणून निवेदन द्यावं. बाजाराची जागा वाचवण्यावर सगळा जोर लावावा. दुकानदारांनी एकत्र खरेदी करावी. यातल्या कशाला कायद्याचा आणि हिशेबाचा आधार आहे? कृपया "आपली संस्कृती" वगैरे नको. कलम, कागद, आकडे सांगा.

मोजणीदार

पहिल्या मताचा नाद सोडा. त्या पट्ट्यात व्यापारी वापर चालत असेल, रस्त्याची रुंदी पुरेशी असेल आणि नकाशा वाहनतळ व अग्निशमनाच्या अटींत बसत असेल, तर दुकान साखळीचं आहे की गावातल्या शेठचं, हे २०२० ची युडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) विचारत नाही. २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला अटींवर परवानगी मिळाली, त्या अटींचा हवाला देऊन लोक निवेदनं करतात. भारतीय मालकीच्या मार्टला त्या लागूच नाहीत.

मार्टच्या बाबतीत हातात आहे ते एवढंच: मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागवा (अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस) आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला परवानगी) मिळण्याआधी तीन गोष्टी ताडून पाहा. नकाशात वाहनतळ दाखवलेली जागा खरोखर वाहनतळच आहे का, मालाचे ट्रक आत उभे राहणार की रस्त्यावर, आणि पावसाळी पाण्याचा निचरा ओढ्यात कुठे सोडलाय. यावर लेखी हरकत घेतली तर उत्तर द्यावं लागतं. "स्थानिकांच्या पोटावर पाय" या वाक्याला उत्तर द्यावं लागत नाही.

आता बाजार. इथे खरं काम आहे आणि ते मार्ट उघडण्यापूर्वी कागदावर व्हायला हवं. दोन वेगळे कायदे लागतात, त्यांची सरमिसळ करू नका. एक जागेसाठी, दुसरा माणसांसाठी.

जागेसाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आधी तुमच्या सर्व्हे नंबरचं नियोजन प्राधिकरण आज कोण आहे हे लेखी विचारा. ही गावं महापालिकेत आली तरी त्यांच्या विकास आराखड्याचं काम २०२१ मध्ये पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) दिलं गेलं होतं. अर्ज चुकीच्या खिडकीत गेला की "आमच्या कक्षेत नाही" एवढं कळायलाच महिना जातो. सोबत झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच जागेचा) काढा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, मग कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ही मुदत संपलेली असेल तर कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल हा मार्ग उरतो: प्राधिकरणाचा ठराव, सूचना, एक महिना हरकती, मग शासनाची मंजुरी. रस्ता लांब आहे आणि ठराव कोणीतरी मांडावा लागतो.

हरकत कशी लिहायची, तर अशी: "स.नं. अमुक, हिस्सा अमुक, क्षेत्र इतके चौ.मी. ही जागा 'आठवडी बाजार व भाजी मंडई' म्हणून आरक्षित दाखवावी." सोबत भाग नकाशावर लाल रेषेनं हद्द, बाजाराच्या दिवशीचे तारखेसह फोटो आणि ग्रामपंचायतीचे जुने पुरावे. पुरावे म्हणजे बाजार लिलावाचे ठराव, वसुलीच्या पावत्या, मासिक सभेच्या इतिवृत्ताची पानं. ग्रामपंचायतीचं दप्तर हद्दवाढीनंतर महापालिकेकडे जातं. साक्षांकित प्रती आत्ताच काढून ठेवा. एका अर्जात एकच मागणी ठेवा. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स प्रती सुनावणीत एक मुद्दा म्हणून निकाली निघतात. पाच जणांनी पाच वेगळी तथ्यं मांडली तर पाच मुद्दे नोंदवावे लागतात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खासगी तुकड्याबद्दल सावध राहा. आरक्षण पडलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही तर मालक कलम १२७ ची सूचना देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. शहरांमधली कितीतरी मंडयांची आरक्षणं अशीच गेली आहेत. त्यामुळे सरकारी किंवा पूर्वी ग्रामपंचायतीचा असलेला तुकडा हा मुख्य बाजार समजा आणि खासगी तुकडा वाहनतळ-उतरवणुकीसाठी मागा. तो गेला तरी बाजार उभा राहतो. ओढ्याची पूररेषाही नकाशावर तपासा. पूररेषेत मागितलेलं बांधीव मंडईचं आरक्षण टिकणार नाही, उघडा बाजार मागणं शहाणपणाचं.

माणसांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कलम ३(३) प्रमाणे विक्रेत्यांना उठवता येत नाही. सर्वेक्षणात "नैसर्गिक बाजार" अशी नोंद झाली तर ती जागा ना-विक्री क्षेत्र जाहीर करता येत नाही. ५० वर्षांहून जुन्या बाजारासाठी वारसा बाजाराची तरतूदही कायद्याच्या परिशिष्टात आहे, म्हणून लिलावाची जुन्यात जुनी पावती शोधा. मेख कुठे आहे? सर्वेक्षक बुधवारी येतो आणि बाजार रविवारी असतो. मैदान रिकामं दिसतं, नोंद शून्य होते. सर्वेक्षण बाजाराच्या दिवशीच व्हावं अशी मागणी नगर पथविक्रेता समितीकडे लेखी करा. या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. तुमच्या भागाचा प्रतिनिधी कोण, ते आधी शोधा.

भुसारपेठ

मोजणीदारांनी जागेचं सांगितलं, मी गल्ल्याचं सांगतो.

एकत्र खरेदी हा शब्द ऐकायला गोड आहे, हिशेब करून बघा. चौदा दुकानांची आठवड्याची साखर, तांदूळ, डाळ मिळून अडीच टन धरू, म्हणजे एक ४०७ टेम्पो. गुलटेकडी मार्केट यार्डातून थेट उचलून किलोमागे दीड रुपया वाचला तर ३,७५० रुपये. टेम्पो भाडं, हमाली, तोलाई मिळून दोन हजार धरले तर उरले १,७५०. चौदा जणांत प्रत्येकी १२५ रुपये, तेही आठवड्याचे. एवढ्यासाठी चौदा जणांची तोंडं एका दिशेला वळवायची? पहिला कोणी पैसे थकवले की संपलं.

एकत्र खरेदीचा फायदा दुसरीकडे आहे. वितरकाच्या पेटीमागच्या स्कीम एकट्या दुकानाला उचलता येत नाहीत, त्या चौघांत वाटून घेता येतात. आणि ज्या मालात दर्जा नजरेला दिसतो तो माल: बेडगी-संकेश्वरी मिरची, धणे, खोबरं, सेंद्रिय गूळ, मालदांडी ज्वारी, इंद्रायणी तांदूळ. यात साधारण पंधरा-वीस टक्के नफा सुटतो. तेलाच्या पिशवीत तीन-चार टक्के सुटले तरी नशीब, आणि त्या पिशवीवर मार्टशी भांडायला जाऊ नका. डीमार्टचंच पाहा: २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून भर स्वतःच्या मालकीच्या जागेवर, आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून दर पाडून घेण्यावर. ज्याच्या दरात भाडं नाही आणि उधारीचं व्याज नाही, त्याच्याशी छापील किमतीच्या मालावर स्पर्धा करून तुम्ही फक्त स्वतःचं भांडवल जाळता. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट प्रत्येकी दोन-तीन ब्रँड आणि लहान पाकिटं एवढीच ठेवा. मोकळी झालेली फळी सुट्या मालाला द्या.

आता कागदाच्या चार चुका ज्या हमखास होतात.

एकानं माल घेऊन बाकी तेरांना वाटला, तर जीएसटीत तो त्याचा पुरवठा, म्हणजे विक्री, धरला जातो. म्हणून माल एका टेम्पोत, बिलं चौदा. व्यापाऱ्याकडून प्रत्येकाच्या नावानं फाडून घ्या.

सुटी डाळ-तांदूळ-गहू यांवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आधी बांधलेल्या, लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के आहे. बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे आले ते त्यामुळेच. दुपारच्या रिकाम्या वेळात डाळीच्या किलो-किलोच्या पुड्या बांधून वर दुकानाचं स्टिकर लावलं की कर लागतो. शिवाय वैधमापनच्या (वजन-मापाच्या) नियमांप्रमाणे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना, तक्रारीचा संपर्क छापावा लागतो. गिऱ्हाईकासमोर तोलून द्या, प्रश्न मिटला.

जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत (दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्याला १ टक्का) खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही. सोसायटीतल्या ऑफिसांना माल द्यायचा बेत असेल तर त्यांना कराचं बिल लागतं, ते या योजनेत देता येत नाही. आधी ठरवा, मग योजना निवडा.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी. मुद्रेची (पडताळणीच्या शिक्क्याची) मुदत संपलेला काटा सापडला की दंडापेक्षा बदनामी महाग पडते.

उधारी बंद करू नका, बांधून ठेवा: घरटी महिन्याच्या सरासरी मालाइतकी मर्यादा, दहा तारखेला चुकती. मार्ट उधार देत नाही, हे तुमचं उरलेलं मोठं हत्यार आहे.

पिशवीवाली

थोडा विरोधी सूर लावते. तुम्ही सगळे मार्टकडे बघताय. टॉवरमधलं गिऱ्हाईक मार्टकडे महिन्यातून एकदा जातं. रोजची कोथिंबीर, दही, अर्धा किलो रवा डार्क स्टोअर नेतंय. चौदा दुकानांचं रोजचं गिऱ्हाईक तिथे गळतंय.

याचं एक अगदी साधं कारण सोसायटीच्या गेटवर आहे. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये मोठ्या कंपन्यांच्या डिलिव्हरीवाल्यांना आपसूक प्रवेश असतो आणि किराणा दुकानातल्या पोराला वॉचमन फोन लावत उभा करतो. सोसायटीच्या कमिटीला सांगून त्या पोराची नोंद दूधवाला, पेपरवाला यांच्यासारखी रोजच्या येणाऱ्यांत करून घ्या. दोन फेऱ्या ठरवा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सात, आणि वेळ पाळा. दहा मिनिटांत सगळ्यांनाच नको असतं, कधी येणार ते कळायला हवं असतं. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, वस्तू नसेल तर विचारून बदल, किड लागलेली डाळ निमूट परत. हे न करता "स्थानिकांना साथ द्या" चा फलक लावणं म्हणजे गिऱ्हाईकाकडे वर्गणी मागणं.

कोणी मुंबई ग्राहक पंचायतीचा दाखला देईल म्हणून आधीच सांगते. १९७५ पासून तिथे शेजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपसांत वाटतात. उत्तम पद्धत आहे, पण ती ग्राहकांची आहे आणि सभासदांच्या बिनपगारी श्रमांवर चालते. टॉवरमध्ये ती रुजली तर मार्टइतकाच तुमच्या वाण्यालाही फटका.

बाजाराच्या जागेबद्दल एकच विनवणी: बांधीव मंडई मागाल तर तळमजल्यावरच मागा. पहिल्या मजल्यावरच्या मंडईत पिशवी घेऊन कोणी चढत नाही. विक्रेते खाली रस्त्यावर बसतात, वरचे ओटे उंदरांना आणि पार्ट्यांना. १ मीटर × १ मीटरचे ओटेही नकोत. ते माप फेरीवाल्याच्या पथारीचं आहे. दहा प्रकारची भाजी मांडायला निदान ४ × ६ फूट लागतं. दोन रांगांत दोन पिशवीवाल्या समोरासमोर जातील एवढी, म्हणजे ८ फूट वाट. नळ, उताराची गटारी, ओल्या कचऱ्याचा डबा, पहाटे टेम्पो लागेल अशी एक बाजू. छप्पर नसलं तरी चालतं, पाणी नसलं तर आठवड्यात वास सुटतो.

वेशीवरचा

सगळ्यांचे आभार. दोन शंका. दुकानांवरच्या मराठी पाटीचा नियम साखळी दुकानांना लागू आहे ना, त्याचा काही उपयोग? आणि डार्क स्टोअरबद्दल तक्रार करायची तर कुठे?

मोजणीदार

पाटीचा नियम सगळ्यांना आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मार्ट ते सहज पाळतं, पाटी बदलून आतल्या फळ्यांवर काहीच बदलत नाही. त्यात वेळ घालवू नका.

डार्क स्टोअरसाठी आधी मंजूर नकाशा. गाळा "दुकान" म्हणून मंजूर आहे की मुळात वाहनतळ होता, हे त्यातून कळतं. वाहनतळाचा गाळा केला असेल तर बांधकाम विभाग. अन्न परवाना दर्शनी भागात नसेल, माल ओल्या जमिनीवर असेल, शीतसाखळी बंद असेल तर अन्न व औषध प्रशासन. जून २०२५ मध्ये धारावीतल्या अशाच एका केंद्राचा परवाना त्यांनी स्थगित केला होता. पदपथावर रांगेनं उभ्या राहणाऱ्या दुचाक्यांसाठी वाहतूक पोलीस. तिन्ही अर्ज वेगळे करा आणि तक्रारीत "डार्क स्टोअर" लिहू नका. गाळा क्रमांक, इमारत, सर्व्हे नंबर लिहा, नाहीतर अर्ज तीन टेबलांवर फिरत बसेल.

भुसारपेठ

आणि ते अर्ज दुकानदार संघटनेच्या नावानं देऊ नका, सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. स्पर्धकाची तक्रार म्हणून बाजूला पडायला नको. एक राहिलं: बाजाराच्या दिवशी गावठाणातली दुकानं दुपारी बंद ठेवतात ती सवय मोडा. भाजीला आलेली बाई परत जाताना किराणा घेते, शटर खाली दिसलं की मोबाइल काढते.