मदत हवी आहे: बाबांचा पार्किन्सन्स, स्टेम सेलचे साडेचार लाख आणि भावाच्या लिंका

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागते.

बाबा ६८ वर्षांचे. तलाठी म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात. गावात अजून त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. हाताने लिहिलेले सातबारे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, काही तलाठ्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय असायचे. बाबांचं तसं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी बँकेनं ‘सही जुळत नाही’ म्हणून त्यांचा चेक परत केला तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मग आईनं किराण्याची यादी दाखवली. ‘शेंगदाणे’ नेहमीच्या अक्षरात, आणि खाली ‘हिंग’पर्यंत येईतो अक्षर मुंगीएवढं झालेलं. हाताला कंप तोवर नव्हताच, तो नंतर वर्षभरानं आला. न्यूरोलॉजिस्टनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि पार्किन्सन्स सांगितला.

सिंडोपा प्लस चालू आहे. आता दिवसातून चार वेळा: ७, ११, ३, ७. पहिली पाचेक वर्षं बरी गेली. गेल्या वर्षापासून गोळीचा असर तीन तासांतच उतरतो. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे जातं, पाय तिथेच. दोनदा पडलेत. सकाळची गोळी तर कधीकधी लागतच नाही, दहापर्यंत खुर्चीत बसून असतात.

आता मुख्य विषय. भाऊ कॅनडात आहे, तो रोज एक लिंक पाठवतो. स्टेम सेलनं पार्किन्सन्स बरा होतो, मधुमेहाच्या इंजेक्शननं थांबतो, वगैरे. इकडे एका ओळखीच्यांनी एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे पोटाच्या चरबीतून पेशी काढून पाठीच्या कण्यात सोडतात, तीन वेळा, साडेचार लाख. ‘मेंदूत आपोआप जातात’ असं त्यांनी सांगितलं. लेखी मागितलं तर चकचकीत पुस्तिका दिली, त्यात बऱ्या झालेल्या लोकांचे फोटो. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी मागच्या वेळी डीबीएसचा (मेंदूत तारा बसवून सौम्य वीज देण्याच्या ऑपरेशनचा) विषय काढला होता, पण डोक्याला भोक म्हटल्यावर आईनं पदर डोळ्याला लावला आणि तो विषय तिथेच थांबला.

यातलं खरं काय, आणि आज आमच्या हातात काय आहे? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

घाटमाथा

गोळी कशाबरोबर घेतात? आणि पार्किन्सन्सखेरीज कुठल्या गोळ्या चालू आहेत? आधी एवढं सांगा. बाकीचं नंतर.

कृष्णाकाठची

सातची गोळी दुधाबरोबर. घरची म्हैस आहे, मोठा पेला असतो. तीनची जेवणानंतर लगेच (ते उशिरा जेवतात). बीपीची एक गोळी. बद्धकोष्ठासाठी इसबगोल. आणि चक्कर येते म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सिनॅरिझिन दिलंय, सात-आठ महिने झाले.

घाटमाथा

वाटलंच होतं.

सिंडोपातलं मूळ औषध लेव्होडोपा, आणि ते एक अमायनो आम्ल आहे. प्रथिनं पचून जी अमायनो आम्लं होतात त्यातली काही आतड्याच्या आणि मेंदूच्या दाराशी त्याच्याच रांगेत उभी असतात. मोठा पेला दूध म्हणजे रांगेत पन्नास माणसं आणि मागे बाबांची गोळी. गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभरानं. दूध बंद करायचं नाही, फक्त वेळ बदलायची. डाळ, पनीर, अंडी रात्रीकडे सरकवली की काहींना दिवस बरा जातो. लोहाची गोळी चालू झाली तर तीही लांब ठेवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हालचालीसाठी मेंदूला डोपामिन नावाचं रसायन लागतं, या आजारात तेच कमी पडतं आणि गोळीतून तेच भरून काढतात. सिनॅरिझिन मेंदूत त्या डोपामिनचीच वाट अडवतं. धडधाकट म्हाताऱ्या माणसालाही त्यानं पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, इथे तर आधीच दुष्काळ. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड त्याच जातीचं. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना उद्याच फोन करून विचारा. स्वतःच्या मनानं काहीही बंद करू नका, सिंडोपा तर अजिबात नाही.

(मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढलीत.)

वैद्यबुवा_नव्हे

इंग्रजी औषधांच्या नादी कशाला लागता? आयुर्वेदात कंपवात आहे, खाजकुइलीचं बी आहे. आजोबांनी कवचबीजाचं चूर्ण दुधातून घेतलं, ९० पर्यंत ठणठणीत.

पेशीवाली

बुवा, तुमचं निम्मं बरोबर आहे आणि तेच धोक्याचं आहे. खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये भारतातल्याच संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. त्याचा उपयोग काय हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकिएविच यांनी ते रुग्णांना टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. म्हणजे चूर्ण आणि गोळी दोन्हींत मूळ औषध एकच. पण चूर्णात मात्रा किती ते कोणी मोजलेलं नसतं, आणि रक्तात वाया जाऊ नये म्हणून गोळीत घातलेलं कार्बिडोपाही त्यात नसतं. सिंडोपा चालू असताना वरून चूर्ण म्हणजे अंधारात दुसरा डोस. आणि तेही दुधातून, वर घाटमाथा काय म्हणाले ते वाचा.

कृष्णाकाठची, मी युरोपात एका प्रयोगशाळेत चेतापेशींवर (न्यूरॉन) काम करते. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे संशोधनापुरतंच बोलते.

तुमचा भाऊ खोट्या लिंका पाठवत नसणार. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दोन चाचण्या एकदमच आल्या. एकीत न्यूयॉर्क आणि टोरांटोकडच्या गटानं भ्रूणाच्या मूळपेशींपासून (म्हणजेच स्टेम सेल) डोपामिन बनवणाऱ्या पेशींची रोपं तयार केली आणि १२ जणांच्या मेंदूत, दोन्ही बाजूंना लावली. दुसरी क्योटोची. तिथे प्रौढ माणसाच्या पेशी पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन (आयपीएस म्हणतात त्या) केलेली रोपं ७ जणांना दिली. दोन्हीकडे मुख्य प्रश्न एवढाच होता की हे सुरक्षित आहे का. गाठी झाल्या नाहीत, पेशी जगल्या, स्कॅनमध्ये डोपामिन बनताना दिसलं. क्योटोत गुण मोजलेल्या सहापैकी चौघांची गोळी नसतानाची हालचाल सुधारली. माझ्या क्षेत्रात ही मोठी बातमी आहे, मी त्या दिवशी कॉफी सोडून वाचत बसले होते. पण हे एकोणीस लोक आहेत, आणि तुलनेला खोटी शस्त्रक्रिया केलेला गट नव्हता. एवढ्या शस्त्रक्रियेनंतर आशेनंसुद्धा माणूस महिनेमहिने बरा चालतो, या आजारात ते फार दिसतं.

आता हे तुमच्या क्लिनिकशेजारी ठेवून पाहा. तिथे पेशी चरबीच्या. त्या डोपामिन बनवत नाहीत. सोडायच्या कण्यातल्या पाण्यात, आणि जायच्या कुठे, तर मेंदूच्या आत खोलवर. चाचण्यांमध्ये त्याच जागेसाठी कवटीतून मिलिमीटर मोजत सुई नेतात. ‘आपोआप जातात’ म्हणजे पुण्यात एसटीत टाकलेलं पार्सल आपोआप गडचिरोलीच्या बरोबर घरी जाईल म्हणण्यासारखं आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच. क्लिनिकला एकच विचारा, तुमचा सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? तो दिला तरी पुढचा प्रश्न, मग पैसे का घेता?

मधुमेहाच्या इंजेक्शनचं असं. २०२४ मध्ये लिक्सिसेनाटाइडची फ्रान्समधली चाचणी आली, १५६ जण, वर्षभर. औषध घेणाऱ्यांची हालचाल जवळजवळ तिथेच राहिली, न घेणाऱ्यांची थोडी घसरली, हालचालीच्या मोजपट्टीवर फरक साधारण तीन गुणांचा. जवळजवळ निम्म्यांना मळमळ. पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या एक्झेनाटाइडची मोठी चाचणी ब्रिटनमधून आली, १९४ जण, ९६ आठवडे. फायदा शून्य. पहिली बातमी तुमच्या भावापर्यंत पोचली, दुसरी पोचली नाही, कारण ‘काही झालं नाही’ची लिंक कोणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय या इंजेक्शनांनी वजन उतरतं. बाबा बारीक असतील तर आणखीच नको.

आणि २०२३ मधली एक गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते, जरी तुम्हाला तिचा आज उपयोग नाही. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन वेडंवाकडं घडी पडून पेशीत साचतं. कण्यातल्या पाण्यात ते शोधायची चाचणी हजारावर लोकांवर तपासली गेली आणि बहुतेक रुग्णांमध्ये बरोबर उत्तर आलं. कंप सुटेपर्यंत अर्ध्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात, म्हणून आजवरची आजार थांबवू पाहणारी औषधं आग विझल्यावर बंब आल्यासारखी दिली जायची. यापुढे वास जाणं, झोपेत हातपाय झाडणं एवढी लक्षणं असतानाच या चाचणीनं माणसं सापडू शकतील.

सुमतीताई_ठाणे

माझ्या मिस्टरांचं डीबीएस २०१९ मध्ये झालं. जे आहे ते लिहिते.

मेंदूत दोन्ही बाजूंना बारीक तारा, छातीत कातडीखाली पेसमेकरसारखी बॅटरी. खर्च दहा लाखांच्या वर गेला, विम्यानं काही दिला. पेशी परत येत नाहीत, आजार थांबत नाही. पण दिवसातले पाच-सहा तास ‘ऑफ’ (गोळीचा असर नसलेले) जायचे ते आता तासभर. गोळ्या निम्म्या झाल्या. हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायचे ते जवळपास गेलं.

न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी: आवाज बारीक झाला, शब्द चिकटतात. फोनवर नातवाला कळत नाही. तोल सुधारला नाही. आणि ऑपरेशननंतर चार-पाच महिने मशीनची सेटिंगं लावायला हेलपाटे, ते खरं ऑपरेशन. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गोळीनं जे सुधारतं तेच डीबीएसनं सुधारतं (कंप त्याला अपवाद). गोळी लागू होत असतानाही पाय चिकटत असतील तर तारांनी सुटतील ही आशा ठेवू नका. स्मृती गडबडली असेल तर करूच नका.

तुम्ही दोन गोष्टी करा. एक, वही घाला. दर अर्ध्या तासाला ऑन, ऑफ की जास्तीची हालचाल, तीन दिवस. डॉक्टर तोंडी वर्णनापेक्षा वहीकडे बघतात. दोन, उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन-चार आडव्या रेघा मारा, पाऊल पडेल एवढ्या अंतरावर. का चालतं देव जाणे, पण रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. आणि पार्किन्सन्स मित्रमंडळात जा, पुण्यात आहे. काही शिकायला नाही मिळालं तरी भाऊसाहेबांना भाऊसाहेब भेटतील.

पेशीवाली

ताई, रेघांचं कारण थोडं माहीत आहे. सवयीनं चालणं मेंदूच्या ज्या यंत्रणेकडे असतं ती या आजारात मंदावते. समोर रेघ आली की चालणं ‘बघून करायचं काम’ होतं, त्याची वाट वेगळी. आणि सेटिंगच्या हेलपाट्यांबद्दल: मेंदूतले संकेत वाचून स्वतःच कमीजास्त होणाऱ्या डीबीएसला फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डॉक्टरांशी बोलताना विचारून ठेवा.

अण्णा_कोरेगाव

वाचत आहे. आमच्याकडे सासूबाई. चिकटपट्टी आजच आणली.

कृष्णाकाठची

पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे आभार वगैरे नंतर, आधी हकिकत.

सिनॅरिझिन न्यूरोलॉजिस्टनी बंद केलं. त्यांना ते माहीतच नव्हतं, कारण आम्ही गावची फाइल वेगळी ठेवायचो. चक्कर म्हणजे चक्कर नव्हतीच: झोपून बीपी घेतलं तर ठीक, उभं करून घेतलं तर धाडकन खाली. बीपीची गोळीही कमी केली. दूध नऊ वाजता गेलं. म्हैस रागावली नाही, आई रागावली. आता सकाळची गोळी बहुतेक दिवशी लागते. तीन तासांनी उतरणं मात्र आहे तसंच आहे.

परवा डीबीएससाठी चाचणी केली. रात्रीपासून गोळी बंद, सकाळी हॉस्पिटलात. व्हीलचेअरवरून नेलं. चेहरा लाकडासारखा, पापणी लवत नव्हती, शर्टाचं एक बटण लावायला चार मिनिटं (आई घड्याळ लावून बसली होती). डॉक्टर म्हणाले, काहीही लिहा. बाबांनी लिहिलं, ‘पिकांची नोंद: ज्वारी, हरभरा, पड’. ‘पड’ वाचायला भिंग लागलं असतं. मग गोळी दिली. पन्नास मिनिटांनी बाबा उठले आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन स्वतः वळून आले. परत तेच लिहायला सांगितलं. जुनं अक्षर नव्हे, पण ‘पड’ची ‘ड’ नीट ओळखू आली. गुणांत निदान तिसरा हिस्सा सुधारणा दिसावी असा ठोकताळा आहे म्हणे, बाबांची निम्म्याच्या वर आली. आता स्मृतीची चाचणी आणि एमआरआय बाकी आहेत.

क्लिनिकला सीटीआरआय क्रमांक विचारला. बाई म्हणाल्या, सर फोन करतील. सरांचा फोन आला नाही. दोन दिवसांनी साडेतीन लाखांत करून देतो असा मेसेज आला. एफडी जागेवर आहे.

भाऊ अजून लिंका पाठवतो, पण आता खाली ‘किती लोकांवर?’ असं स्वतःच लिहितो.

आईचं अजून होकारात नाही आलं. तिला तुमचं आवाजाबद्दलचं वाचून दाखवलं, सुमतीताई. ती म्हणाली, यांचा आवाज बारीक झाला तर बरंच आहे. पण रात्री परत विचारत होती की नातवाला खरंच कळत नाही का. बाबांचा मात्र एकच निरोप आहे, जसाच्या तसा देते: ‘त्या ताईंच्या मिस्टरांना विचार, जागं ठेवून करतात तर भोक पाडताना आवाज कसला येतो?’

सुमतीताई_ठाणे

विचारलं. म्हणाले, शेजारच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालू असावं तसा. फक्त शेजारचा फ्लॅट म्हणजे आपलंच डोकं. दुखत नाही, दात मात्र वाजतात. आणि डॉक्टर मध्येच मूठ उघडा-मिटा करायला लावतात, तेव्हा भाऊसाहेबांना म्हणावं झोपू नका. हे झोपले होते.